बिनपंचाचा खेळ

झाडाला पिवळं कार्ड दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जांभळाचं झाड होतं, कवेत न मावणारं, आणि त्यानं माझी ताटली लागोपाठ तिसऱ्यांदा अडवून खाली पाडली होती. मी कपाळाला हात लावून उभा होतो. एवढ्यात शिट्टी वाजली. काळा शर्ट, काळी हाफ पँट, गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे अशा थाटात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ झाडीतून धावत आले, जांभळासमोर छाती काढून उभे राहिले आणि खिशातून पिवळं कार्ड काढून त्यांनी ते बुंध्यासमोर धरलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, आता परत आडवं आलं की भाईर काढतो त्याला."

हे आमच्या पेठेतले शिट्टीआण्णा. खरं नाव रंगराव, पण ते फक्त रेशनकार्डाला ठाऊक. आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर काम केलं आणि सुट्टी झाली की फुटबॉलच्या मैदानावर पंचगिरी. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा असतो आणि पेठांच्या फुटबॉलमध्ये पंच होणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. खेळणारे बावीस, पंचाला शिकवणारं अख्खं गाव. सामना संपला की दोन्ही बाजू एकमेकांशी भांडायच्या आधी पंच कुठं गेला ते बघतात. आण्णांनी हे काम केस काळे होते तेव्हापासून केस पार जाईपर्यंत केलं. पुढं वय झालं म्हणून बोलावणं बंद झालं. शिट्टी मात्र गळ्यात राहिली. अंघोळीलाही ती काढत नाहीत, असं त्यांच्या घरच्या, आमच्या काकू, सांगायच्या.

आता ताटली कसली आणि झाडी कसली, तेही सांगून टाकतो. पन्हाळ्याच्या वाटेला आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. मुरमाड उतार, ऊस येत नाही. कोल्हापुरात ज्या जमिनीत ऊस येत नाही तिला कोणी जमीन म्हणतच नाही. त्यामुळं तिथं आपोआप आंबा, जांभूळ, ऐन, कळकाची बेटं आणि करवंदीच्या जाळ्या माजल्या. माझा भाचा अमेय परदेशात चार वर्षं काढून आला आणि ते रान बघून वेडाच झाला. म्हणाला, मामा, हे तर डिस्क गोल्फचं मैदान आहे. मी म्हटलं, बाबा रे, हे शेळ्यांचं मैदान आहे. पण ऐकतोय कोण! त्यानं झाडीत नऊ ठिकाणी लोखंडी खांब रोवले. प्रत्येक खांबाला कमरेएवढ्या उंचीवर टोपली आणि टोपलीच्या वर गोल साखळ्या सोडलेल्या. हे करून देणाऱ्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं शेवटपर्यंत एवढंच विचारलं, की ह्यात कोंबड्या ठेवायच्या की देव?

खेळ तसा सोपा. प्लॅस्टिकची ताटली ठरल्या जागेवरून फेकायची, झाडं चुकवत न्यायची. जिथं पडेल तिथं चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची. साखळीला आपटून टोपलीत पडली की झालं. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. अमेय आम्हाला हे शिकवून, दोन महिने खेळून, नोकरीसाठी पुण्याला निघून गेला. मागं राहिल्या नऊ टोपल्या आणि मी. मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेलो, आणि साखरेच्या जिल्ह्यात राहून जे व्हायचं ते झालेलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. नुसतं चालायचा मला भयंकर कंटाळा, म्हणून ताटली फेकून तिच्यामागं चालायला लागलो.

हे मी एकदा पेठेतल्या चहाच्या गाड्यावर सांगत होतो. आण्णा शेजारी बशीत चहा ओतत होते. त्यांनी एकच विचारलं, पंच कोण? मी म्हटलं, ह्या खेळाला पंच नसतो, ज्याचा त्यानं आपला फाऊल सांगायचा. आण्णांनी बशी खाली ठेवली आणि हसायला जे लागले, ते ठसका लागेपर्यंत. डोळे पुसत म्हणाले, "ज्याचा त्यानं? कोल्हापुरात? आरं मर्दा, हितं समोरच्याचा पाय मोडून हातात आला तरी मोडणारा म्हणतोय, मी न्हाईच, मी तर घरात हुतो." पुढच्या रविवारी सकाळी ते पुरत्या पोशाखात रानात हजर. मी विनवून पाहिलं, की आण्णा, नुसते खेळा. तर म्हणाले, खेळ कोण बी खेळंल, पण बिनपंचाचा खेळ म्हणजे बिनकुलपाचं घर, मला बघवत न्हाई.

मग काय विचारता! मी ताटली फेकणार, की आण्णा शिट्टी मारणार. पाय रेषेपुढं गेला. फांदी वाकवून फेकली. फेकताना शिवी दिली. शिवी दिल्याचा फाऊल ह्या खेळात नाही म्हटलं, तर म्हणाले, माझ्यात हाय. कमी फेकींचा जिंकतो हे तर त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. "कमीत जिंकायचं? ज्यास्त घाम गाळला त्यो हरला? हा इन्साफ न्हवं," असं म्हणत, आणि अमेय सुट्टीला येऊन माझ्याशी खेळला की नाइलाजानं निकाल देत.

एकदा माझी ताटली झाडीपार जाऊन दिसेनाशी झाली. शोधत गेलो तर पलीकडं एक शेळ्या राखणारी बाई झाडाखाली बसलेली. ताटलीत पाणी ओतून तिनं ती करडांपुढं ठेवली होती, आणि दोन करडं त्यात तोंड घालून पीत होती. मी ताटली मागणार, तोच आण्णांनी हात आडवा केला. नियमाप्रमाणं ताटली जिथं थांबली तिथूनच पुढची फेक, आणि करडं पाणी पिऊन होईपर्यंत खेळ थांबलेला. ती बाई कौतुकानं म्हणाली, पावणं, तुमचा सायब लई कडक हाय. आम्ही दहा मिनिटं उन्हात उभे.

झाडांवर त्यांचा विश्वास बसला, तो ह्या रानातच. माझी ताटली आंब्यानं अडवली काय, अमेयची अडवली काय, आंबा सारखाच आंबा. दुपारी डबा सोडताना ते मला सांगायचे, "झाडाला पेठ न्हाई, मास्तर. म्हणून झाडागत पंच न्हाई." कार्ड मात्र झाडांनाही चुकलं नाही. जांभळाला दोनदा मिळालं.

'पेठ' हा शब्द आला की आण्णा मोजे वर ओढायला लागत. त्यामागं एक गोष्ट होती, ती पेठेत शेंबड्या पोरालाही माहीत. चाळीसेक वर्षांपूर्वीची फायनल. आमची पेठ आणि पलीकडची पेठ. नेमलेल्या पंचाला सकाळपासूनच ताप भरला. फायनलच्या दिवशी पंचांना ताप भरायची आमच्याकडं जुनी चालच आहे. आण्णा आमच्या पेठेचे, तरी पलीकडच्यांनी स्वतःहून सांगितलं, आण्णा चालंल. एवढं नाव होतं त्यांचं. सामना गोलशून्य, वेळ संपत आलेली. लांबून एक चेंडू आला आणि आमच्या पांडबानानानं तो जाळीत घातला. मैदान उठून उभं राहिलं. आणि आण्णांची शिट्टी वाजली. ऑफसाइड! म्हणजे चेंडू मारला तेव्हा पांडबानाना पलीकडच्यांच्या बचावाच्याही पुढं उभा होता, म्हणून गोल रद्द. लाइनमननं निशाण दाखवलेलंच नव्हतं, कारण त्या वेळी तो पाठ फिरवून एका प्रेक्षकाशी भांडत होता. म्हणजे निकाल एकट्या आण्णांचा. पुढं टायब्रेकरवर आपण हरलो.

हा पांडबानाना म्हणजे आण्णांचा लंगोटीयार. समोरासमोर घरं, एकाच विटीदांडूवर वाढलेले. त्या दिवसापासून बोलणं बंद. पेठेनं पांडबानानाला डोक्यावर घेतलं. 'चोरलेला गोल' म्हणून तालमीत त्याचा मोठा फोटो लागला, दरवर्षी गणपतीत त्याला फेटा बांधायचे. आण्णांच्या हातात मात्र आरतीचं ताट कोणी दिलं नाही. पांडबानानाच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका आली ती फक्त काकूंच्या नावानं. आण्णा गेले, पंगतीत बसले, आणि आग्रह करणाऱ्याला म्हणाले, मला वाढू नगा, मी ह्या बाईंच्या संगट आलोय. लोक विचारून विचारून थकले, पण आण्णांचं उत्तर कधी बदललं नाही: "मी बघितलंय. इषय कट."

रानात एकदा दम खात बसलो असताना मी उगाच विचारलं, आण्णा, अजून टोचतं का? त्यांनी बराच वेळ मोजे वर ओढले. मग म्हणाले, "पेठ गेली उडत. पर पांडबानं एकदा म्हणावं की, रंग्या, तुझं बरूबर हुतं. एवढं ऐकून मेलो की झालं." मला फार वाईट वाटलं. पण पांडबानानाला हे सांगायला जाण्याची माझी छाती नव्हती. त्या माणसाची शिवी तीन गल्ल्या ऐकू जायची.

जावं लागलंच नाही. बातमी पेठेत फिरली होती, की शिट्टीआण्णा बिनपंचाच्या खेळात पंच झालाय आणि झाडांना कार्डं दाखवतोय. पांडबानाना ही गंमत बघायला मुलाच्या गाडीवर बसून रानात आला. आला तो थेट मला म्हणाला, त्याला म्हणावं, माणसं संपली म्हणून झाडांच्या मागं लागलास व्हय? आण्णा दोन हातांच्या अंतरावर उभे. ते मला म्हणाले, त्याला सांगा, फुकट बघू नगंस, जोर आसंल तर खेळ. नानानं त्याला सांगा, बघ आता, म्हणत माझ्या हातातली ताटली हिसकावली आणि फेकली. ती जांभळाला आपटून परत त्याच्याच पायाशी आली. आण्णांनी कार्ड काढलं नाही. पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून नाना रोज यायला लागला. आण्णांनीही हट्टानं शिट्टी शर्टाच्या आत घातली आणि ताटली हातात घेतली, कारण नानाशी खेळताना आपण पंच राहिलो तर पुन्हा पेठ म्हणंल पक्षपात केला. खेळ दोघांचा, बोलणं माझ्यामार्फत. त्याला सांगा पाय मागं घे. त्याला सांगा माझा पाय मला कळतोय. त्याला विचारा किती झाल्या. त्याला सांगा शाळेत मोजायला शिकला न्हाईस काय. हायस्कुलात इतकी वर्षं वर्ग सांभाळला, पण असली हमाली मी कधी केली नव्हती. दोन दिवसांनी मी वैतागून म्हटलं, की मी काय टेलिफोन आहे का? तर दोघंही माझ्यावर उखडले, आणि तेही एकमेकांना न बघता.

सहावी टोपली सगळ्यात वाईट जागी आहे. एका बाजूला कळकाचं बेट, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या, मधून बैलगाडी जाईल एवढीच वाट. त्या सकाळी माझी ताटली नेहमीप्रमाणं जाळीत शिरली. मी तिच्यामागं रांगत आत गेलो, आणि काट्यांनी शर्ट असा धरला की पुढं जाता येईना, मागं येता येईना. बाहेर दोघंच राहिले. नानाची ताटली वाटेवर वारुळाशी पडली होती, आण्णा पलीकडं आपली शोधत होते. मला जाळीच्या फटीतून दोघांचे पाय दिसत होते. नानाचा पाय घसरला, ताटलीला लागला, आणि ती चांगली हातभर पुढं सरकली. आण्णांची पाठ होती. मी मनात म्हटलं, आता नाना गप्प बसणार, आणि मी जाळीत अडकलेला एकमेव साक्षीदार.

नानाचे पाय ताटलीपाशी आले. मग मोठ्यानं म्हणाला, "पाय लागला. सरकली. माझी एक फेक वाढव."

आण्णांचे पाय जागच्या जागी वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाना त्यांच्याशी बोलला होता, मध्ये कोणी नसताना. आण्णा चाचरत म्हणाले, "मी बघितलं न्हवतं."

"तू बघितलं न्हाईस म्हणूनच सांगायलोय की. पंच हाय कुठं हितं?"

 माझ्या कानामागून मुंगळा चढत होता आणि मला हात हलवता येत नव्हता. मग आण्णांचा आवाज आला, इतका बारीक, की मला आधी ओळखूच आला नाही. "पांडबा, त्या दिशी बी मी बघितलं न्हवतं. मधी एक जण आला. चेंडू गेला एवढं दिसलं. तू कुठं हुतास ते दिसलंच न्हाई. वाटलं आसशील, आन् शिट्टी वाजली. एकदा वाजली ती वाजली. परत कशी घेऊ?"

मला वाटलं, आता मारामारी होणार आणि मी जाळीतून बघत राहणार. पण नाना वारुळाशेजारी मट्कन खाली बसला. म्हणाला, "मी हुतो."

"काय हुतास?"

"आपसाईड. हातभर न्हाई, चांगला दोन हात."

आता कोणालाही वाटेल की ह्यावर दोघं गळ्यात पडले असतील. छे! आण्णांचा जो भडका उडाला, तसा मी कधी पाहिला नाही. अरे, रात्र रात्र मी आढ्याकडं बघत पडायचो, चुकलो का म्हणून, आणि तू फेटे बांधून घेत हुतास! नानाचं म्हणणं, तू बघितलंच नव्हतंस तर तू कुठल्या तोंडानं बोलायलास! दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही चुकलेले होते, त्यामुळं भांडण संपेना. अखेर मी शर्टाची बाही जाळीला दान करून बाहेर आलो. मला बघून दोघंही माझ्याकडं वळले. आण्णांनी विचारलं, मास्तर, काय ऐकलं? मी म्हटलं, काही नाही, मी मुंगळ्यांत होतो. नाना म्हणाला, ऐकलं आसंल तर हितंच पुरा. मग आण्णांनी हात देऊन नानाला उठवलं. नानानं पेठेत सांगण्याचा विषय काढला, तर आण्णांनीच त्याला गप्प केलं. म्हणाले, खुळा हायस का? फोटो उतरवतील आन् तुला जगू देणार न्हाईत. मला ऐकायचं हुतं, मी ऐकलं.

पुढं वर्षभर दोघं रोज खेळले. माझी टेलिफोनची नोकरी सुटली, कारण आता ते थेट भांडायचे, आणि गेल्या सगळ्या वर्षांची बाकी असल्यासारखे भांडायचे. आण्णा आपले फाऊल आपण सांगायला लागले, ते इतके, की एकदा नाना म्हणाला, हा माणूस खेळायला येतोय का कबुली द्यायला? पेठेला मात्र काही कळलं नाही. गणपतीत नानाला फेटा बांधला, तेव्हा आण्णा कोपऱ्यात उभे राहून टाळ्या वाजवत होते. लोकांना वाटलं, म्हातारा वरमला.

दिवाळीनंतरच्या थंडीत आण्णा झोपेतच गेले. मला सकाळी नानाचा फोन आला, आणि तो नुसता रंग्या, रंग्या म्हणत राहिला, तेव्हाच मी काय ते समजलो.

तालमीत शोकसभा झाली. भिंतीवर नानाचा तो फोटो, खाली टेबलावर आण्णांचा छोटा फोटो, हार घातलेला. बोलणारे बोलले. आण्णा शिस्तीचे होते, आण्णा सरळ होते. मग तालमीचे थकलेले वस्ताद उठले. आण्णा सोन्यासारखा माणूस होता, असं म्हणाले, आणि वर नानाच्या फोटोकडं बघून म्हणाले, की त्या एका शिट्टीनं पेठेच्या तोंडचा घास काढला, पण जाऊ द्या, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. माणसांनी माना हलवल्या. मला संताप आला. उठून काही बोलणार, तोवर नाना खांबाला धरून उभा राहिला.

"ती फायनल," तो म्हणाला, "मी आपसाईड हुतो. दोन हात."

पुढच्या रांगेतली माणसं मागं वळली.

"आन् रंग्यानं बघितलं. नीट, डोळ्यानं बघितलं, आन् मग शिट्टी मारली. पेठेचा आसून मारली. त्याचं बरूबर हुतं."

मागून कोणीतरी ओरडलं, मग इतकी वर्सं गप का बसलास? नाना तिकडं वळून म्हणाला, "तुमी फेटा बांधत हुता, मी बांधून घेत हुतो."  वस्ताद खाली बसले. नानानं आण्णांच्या फोटोला हात लावून नमस्कार केला आणि कोणाकडं न बघता बाहेर आला.

मी त्याच्यामागून निघालो. गल्लीच्या तोंडाशी तो माझी वाट बघत उभा होता. धोतराच्या सोग्यानं त्यानं नाक पुसलं.

"मास्तर, पैलं खरं, त्यानं बघितलं हे दुसरं खोटं. तुमी जाळीत हुता, सगळं ऐकलंसा, मला ठाव हाय. फाऊल द्यायचा तर द्या."

मी दिला नाही.